खेळात मेलेला उठतो

छबुबाईच्या लेकाने चारा छावणीत माणूस मारला, हे सगळ्या आष्टी तालुक्याला माहीत आहे. का मारला, तेही लोक सांगतात. मोबाईलवर बंदुकीचा गेम खेळून पोराचं डोकं फिरलं होतं, असं. एकदा एसटीत शेजारी बसलेल्या एका परक्या बाईने ही हकिकत खुद्द छबुबाईलाच ऐकवली, तिखटमीठ लावून, आणि शेवटी म्हणाली की असल्या पोरांच्या आयांना घरात बसून काही कळत कसं नाही. छबुबाई खिडकीबाहेर बघत राहिली. तिला कड्याला, बाजाराच्या गावाला, उतरायचं होतं. ती आधीच्याच फाट्यावर उतरली आणि उरलेली वाट पायी चालली.

छबुबाई अंगाने काटक, बोलायला तुटक. लग्न झालं त्या वर्षीपासून ती आणि तिचा नवरा हरिबा दिवाळी सरली की ऊसतोडीला जायची, ती पाडव्याच्या आसपास परतायची. गहिनीनाथ जन्मला तोही कोल्हापूरकडच्या एका फडाशेजारी, पाचटाच्या कोपीत. नाव मात्र गावाकडच्या गडावरच्या नाथाचं ठेवलं. पोरगं शांत होतं. उसाच्या मोळ्यांमागे खेळायचं, भूक लागली तरी हाक मारायचं नाही.

ते सात-आठ वर्षांचं असताना एका सकाळी हरिबा तापाने फणफणला आणि उठला नाही. मुकादमाने त्याला कोपीतून ओढून बाहेर काढलं आणि कमरेचा पट्टा सोडून सगळ्यांच्या देखत मारलं. टोळीतली माणसं कोयत्यांना धार लावत होती. त्यांनी धार लावणं चालू ठेवलं. त्याच दिवशी संध्याकाळी भाकरी करपली म्हणून हरिबाने छबुबाईला मारलं, तेही ताप अंगात असताना. गहिनी दोन्ही वेळा तिथेच होता. तो रडला नाही. पाचटाची काडी दातांनी कुरतडत बसून राहिला. छबुबाईच्या मनात तेव्हा एवढंच आलं, की बरं झालं, पोरगं त्रास देत नाही.

पुढे हरिबा उसाची ट्रॉली उलटून तिच्याखाली गेला. त्यानंतर छबुबाईने तोडीचं नाव सोडलं. गावात येऊन लोकांच्या रानात खुरपायला जायची, दोन गाया सांभाळायची आणि दूध गावातल्या दूध संस्थेला घालायची. संस्थेचे चेअरमन अर्जुनराव. गावात दूध संस्था, सोसायटी, पतसंस्था असे वेगवेगळे बोर्ड होते, पण कुठल्याही बोर्डाखालच्या दारातून आत गेलं की मोठ्या खुर्चीत अर्जुनरावच भेटायचे, नाहीतर त्यांचे साडू विठ्ठलराव. शिवाय अर्जुनराव साखर कारखान्याचे संचालक होते. माणूस गोड बोलणारा. कुणाच्याही मयतीला सगळ्यांच्या आधी हजर.

गहिनी बारावीला नापास झाला आणि घरी बसला. त्याच सुमाराला गावात स्वस्त नेट आलं आणि त्याच्यासारख्या पोरांच्या हातात मोबाईल आले. समाजमंदिराच्या ओट्यावर चौघंपाच जण माना खाली घालून बसायची आणि तो बंदुकीचा गेम खेळायची. विमानातून माणसं एका बेटावर उतरतात, एकमेकांना मारतात, शेवटी जो उरतो तो जिंकतो. मध्येच कुणीतरी ओरडायचं, "मागून आला बे, उडव त्याला!" देवळात बसलेले म्हातारे दचकायचे आणि शिव्या घालायचे. गहिनी त्यात तरबेज होता. पोरं त्याला कमांडर म्हणायची. छबुबाईला त्या खेळाचा राग यायचा, पण तो वेळ फुकट जातो म्हणून. हा कमांडर संध्याकाळी घरी आला की गायांच्या अंगावरच्या गोचिड्या काढत बसायचा. एक वासरू पोट फुगून मेलं, तेव्हा दुसऱ्या दिवशीपर्यंत त्याने भाकरीला हात लावला नाही.

मग ते पावसाचं वर्ष आलं, म्हणजे पाऊस न आल्याचं. मूग, उडीद उगवून जागेवर वाळले. बाजरीला कणीस धरलं नाही. विहिरी दसऱ्यालाच तळाला गेल्या, आणि उन्हाळा लागायच्या आत गावाला टँकर सुरू झाला. लोकांनी जनावरं बाजारात नेली, तर खाटकाशिवाय गिऱ्हाईक नव्हतं. तेव्हा सरकारने चारा छावण्या मंजूर केल्या. गावची छावणी दूध संस्थेला मिळाली. गावाबाहेरच्या माळावर बांबू रोवून हिरव्या जाळ्या बांधल्या, खाली दावणी केल्या, एका टोकाला पाण्याचा मोठा हौद. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची जनावरं आली, छबुबाईच्या दोन गायाही. त्यांच्यासोबत माणसंही आली, कारण जनावर एकटं सोडून जाता येत नाही. बायकांनी तिथेच चुली मांडल्या. रोज उसाच्या मोळ्या आणि पेंड वाटली जायची. दिवसभर काम म्हणजे शेण काढायचं, पाणी पाजायचं आणि सावली सरकेल तसं बाजलं सरकवायचं. तरण्या पोरांना ते काम पुरत नव्हतं. जाळीखाली, जनावरांच्या मध्ये बसून, त्यांचा गेम दिवसभर चालायचा.

छबुबाई अर्जुनरावांकडे गेली ती याच दिवसांत. त्यांच्या ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली आणि म्हणाली की पोराला कशाला तरी लावा. अर्जुनरावांनी चहा सांगितला. छावणीवर राखणीला माणूस हवाच आहे, म्हणाले, उद्यापासून पाठव.

छावणीचा सगळा कारभार विठ्ठलराव बघायचे. गळ्यात तुळशीची माळ, पांढरीशुभ्र विजार. सप्त्यात वीणा धरून उभं राहण्याचा मान त्यांचा. त्यांच्याकडे जुना बटणांचा फोन होता, आणि तो ते अभिमानाने दाखवायचे. त्यांनी गहिनीला आधी काठी दिली. काही दिवसांनी टँकरजवळ पडलेला लोखंडी पाईप दिला, काठीने माणूस ऐकत नाही म्हणाले.

पहिल्यांदा हात उचलायची वेळ आली ती एका म्हाताऱ्यावर. वाटप संपल्यावर त्याने उसाची वाढीव मोळी उचलली होती. विठ्ठलरावांनी गहिनीला सांगितलं, दे एक. गहिनी उभाच राहिला. तेव्हा त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याच्याच हाताने म्हाताऱ्याच्या तोंडात मारली. सगळे हसले. म्हाताराही कसनुसं हसला. मग विठ्ठलराव म्हणाले, "आता तुझा तू." गहिनीने दुसरी स्वतः मारली.

छबुबाई तेव्हा चुलीपाशी होती. तिने ते पाहिलं. घरी ती काही बोलली नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसांत तिला बरं वाटत होतं. कालपर्यंत तिला ए छबे म्हणणारे लोक आता छबुबाई म्हणायला लागले होते. हौदावर बायका तिला आधी घागर भरू द्यायच्या. तिच्या गायांपुढे पडणारी मोळी जाडजूड असायची. गहिनीची मान वर झाली होती. तो चालताना पाईप खांद्यावर टाकायचा आणि लोक बाजूला व्हायचे. आणि त्याचा गेम सुटला होता. पाडव्यानंतर तर त्याने तो उघडलाच नव्हता. जुन्या दोस्तांनी बोलावलं तरी म्हणायचा, "तुमी खेळा बे, मला काम हाय." छबुबाईला वाटलं, पोरगं मार्गी लागलं.

छावणीत रामकिसन नावाचा एक शेतकरी होता, शेजारच्या वस्तीवरचा. चाळिशीतला, सावकाश बोलणारा. तो आणि त्याची बायको सिंधुबाई, त्यांची दोन बैलं आणि एक म्हैस. तो भांडखोर नव्हता, पण त्याला प्रश्न विचारायची खोड होती. बाहेरच्या फळ्यावर जनावरांचा जो आकडा लिहिलाय, तेवढी जनावरं कुठं हायत? अर्धी दावण तर मोकळी. मोळी वजनाला कमी कावून भरते? संध्याकाळी उसाचा टेम्पो भरून परत कुणीकडं जातो? हे तो कुणालाही विचारायचा, आवाज न चढवता. लोक मान हलवायचे आणि उठून जायचे.

मे महिन्यात तालुक्याहून साहेब तपासणीला आले. त्या दिवशी मोकळ्या दावणींवर भाड्याने आणलेली जनावरं बांधली होती. साहेब जीपकडे परतत असताना रामकिसन पुढे झाला आणि म्हणाला, ही जनावरं कालपर्यंत इथं नव्हती, उद्या येऊन बघा, ती दिसायची न्हाईत. साहेबांनी ऐकून घेतलं. अर्जुनराव हसत म्हणाले की उन्हाने माणसं कावलीत. जीप गेली, आणि तिच्यामागून अर्जुनरावांची गाडीही गेली.

छबुबाई हौदाशी घागर बुडवत होती. विठ्ठलराव आणि गहिनी हौदाच्या कोपऱ्यापलीकडे, हातभर अंतरावर उभे होते. विठ्ठलराव म्हणाले, "चेअरमन साहेबांनी सांगितलंय. त्याला असा समजाव की परत जीपकडं चालत जाता आलं न्हाई पाहिजे." छबुबाईने घागर डोक्यावर घेतली आणि चुलीकडे निघाली. तिला वाटलं, धमकावेल, एखादी देईल. तिने मागे वळून पाहिलं तोपर्यंत रामकिसन म्हशीला पाजायला हौदावर आला होता.

दुपारची वेळ. जाळीखाली अडीचतीनशे माणसं होती. पहिला पाईप खांद्यावर बसला. रामकिसन खाली बसला, म्हशीचा कासरा हातातच होता. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "हरिबाचा ना तू?" दुसरा डोक्यात बसला.

गहिनी थोडा वेळ तिथेच उभा राहिला. मग त्याने पाईप हौदाला टेकवून ठेवला, सुटलेली म्हैस धरली आणि तिच्या दावणीला नेऊन बांधली. सिंधुबाई धावत आली तेव्हा तिच्या वाटेतून बाजूला व्हायलाही तो विसरला, ती त्याला धडकूनच पुढे गेली. तिची किंकाळी ऐकून मग माणसं उठली. रामकिसनला टेम्पोत घालून नगरला नेलं, पण तो वाटेतच गेला. संध्याकाळी पोलिसांनी गहिनीला नेलं. बाकीच्यांना विचारलं, तेव्हा जो तो म्हणाला की मी झोपलो होतो.

तिसऱ्या दिवशी बीडहून कॅमेरा घेऊन एक पत्रकार आला. त्याने गहिनीच्या दोस्तांना विचारलं, तो काय करायचा दिवसभर? पोरं म्हणाली, गेम खेळायचा, लई भारी खेळायचा, आमी त्याला कमांडर म्हणायचो. झालं. संध्याकाळी टीव्हीवर गहिनीचा फोटो आणि शेजारी त्या गेममधला बंदूकवाला माणूस. मागे धडधड वाजणारं संगीत. फळा, मोकळी दावण, टेम्पो यांपैकी त्यात काही नव्हतं. बातमी पाहून अर्जुनरावांना आधार मिळाला. शोकसभेत ते उभे राहिले, डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाले, "गहिनी आपलंच लेकरू. हा खून त्याने केला नाही, त्या मोबाईलने केला."

लोकांना हे पटलं. पटायला सोपं होतं. जाळीखाली बसलेल्या प्रत्येकाला झोपेचं सोंग सोडवत नव्हतं, आणि आता कुणी त्यांना उठवणारही नव्हतं.

पावसाळ्यात शाळा सुरू झाल्यावर दूध संस्थेने मोबाईलच्या दुष्परिणामांवर व्याख्यान ठेवलं. नगरहून मनाच्या आजारांचे एक डॉक्टर बोलावले. छबुबाई पाठीमागे, दाराशी बसली. डॉक्टर तरुण होते, घोळवून बोलत नव्हते. ते म्हणाले, अशा खेळांवर खूप अभ्यास झालेत. काहींत दिसतं की खेळल्यावर मुलं थोडी चिडखोर वागतात. काहींत तेवढंही दिसत नाही. पण गेम खेळला म्हणून एखादा उठून माणूस मारतो, असं मी सांगू शकत नाही. मुलाने लहानपणी मारहाण पाहिली का, मोठ्या माणसांनी त्याला काय करायला लावलं, हे आधी विचारावं लागेल. त्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अर्जुनरावांनी माईक घेतला आणि म्हणाले, डॉक्टर साहेबांनी सांगितलंच आहे, मोबाईल हे विष आहे. तेव्हा टाळ्या पडल्या. मग मैदानात मोबाईलची होळी झाली. पोरांनी घरातले बंद पडलेले फोन आणून त्यात टाकले. विठ्ठलरावांनी नारळ फोडला.

डॉक्टर गाडीत बसत होते तेव्हा छबुबाई जवळ गेली. काय विचारायचं ते तिला नीट सांगता आलं नाही. एवढंच म्हणाली की बापाचा मार पाहिलेलं पोरगं असतं, त्याचं काय होतं? डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचं काही होत नाही, आई. काहींचं होतं. मग गाडी सुरू झाली.

गहिनीसाठी वकील अर्जुनरावांनी दिला. भला वाटणारा, चष्मेवाला माणूस. तो छबुबाईला म्हणाला, मी सांगतो तेवढंच कोर्टात बोला. पोरगा दिवसरात्र गेम खेळायचा, जेवायचा नाही, झोपेत ओरडायचा, त्याला आपण काय करतो ते कळत नव्हतं. डॉक्टरचा दाखला मी बघतो. शिक्षा कमी होईल, नशीब असेल तर सुटेलही.

छबुबाई बीडच्या तुरुंगात भेटीला गेली. गहिनी वाळला होता, डोक्याचे केस कापलेले. जाळीच्या पलीकडून त्याने आधी गायांचं विचारलं. मग म्हणाला, "वकील सांगतो तसं सांग. गेममुळंच झालं असंल ते."

"पाडव्यापासून तू तो उघडला न्हाईस."

"आधीचं डोक्यात बसलं असंल."

"विठ्ठलराव बोलले ते मी ऐकलं, गहिनी. मी हौदावर होते."

त्याने जाळीवर बोट फिरवलं. मग म्हणाला, "त्यांचं नाव घेतलं तर वकील जाईल. अन् गावात तुला कोण ठेवील? गेमचं नाव घेतलं तर कुणाचं काय जातंय?"

आपल्या मुलाला किती नीट कळतं, हे छबुबाईला त्या दिवशी कळलं. ज्याला आपण काय करतो ते कळत नव्हतं असं सांगायचं होतं, त्याचाच हा हिशोब होता. ती एसटीत बसली आणि सारा रस्ता तिच्या मनात ते हौदाजवळचं बोलणं फिरत राहिलं. परत जीपकडं चालत जाता आलं न्हाई पाहिजे. तिने ते ऐकलं होतं आणि घागर उचलून ती निघाली होती. तिच्या हातात तर कुठला मोबाईलही नव्हता.

गावात उतरल्यावर ती घरी न जाता सिंधुबाईच्या वस्तीवर गेली. सिंधुबाई म्हशीखाली बसली होती. तिने वर पाहिलं आणि धार काढणं चालू ठेवलं. बस म्हणाली नाही. छबुबाईने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, विठ्ठलराव काय बोलले, कुणाचं नाव घेऊन बोलले, आपण कुठे उभे होतो. सिंधुबाईने चरवी बाजूला ठेवली.

"माझा माणूस खेळात मेला म्हणत्यात," ती म्हणाली. "त्या खेळातला मेलेला परत उठतो ना, छबुबाई? पोरं सांगत्यात, डाव संपला की उठतो. मंग माझा कावून उठंना?"

छबुबाईने म्हशीपुढची वैरण पायाने आत सारली.

"हे ऐकून मी काय करू? कोर्टात सांग," सिंधुबाई म्हणाली, आणि चरवी घेऊन घरात गेली.

छबुबाईने सांगितलं. सिंधुबाईचा भाऊ तिला सरकारी वकिलाकडे घेऊन गेला, तिचा जबाब घेतला गेला. त्या दिवसापासून गहिनीचा चष्मेवाला वकील तिच्याशी बोलेनासा झाला, पण त्याने केस सोडली नाही. तो केस कुणासाठी लढत होता ते मग तिला कळलं. गावात तिचं दूध फॅटला बसत नाही म्हणून परत यायला लागलं. रात्री घरावर दगड आले. कुणी टाकले ते तिने विचारलं नाही, विचारण्यासारखं कुणी नव्हतंच.

खटला उभा राहीपर्यंत काळ गेला. मध्ये मोठा रोग येऊन गेला, कोर्टं बंद पडली, उघडली. साक्षीच्या दिवशी तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं. आरोपीच्या जागेवर गहिनी बसला होता, त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तिने न्यायाधीशांना सांगितलं, "गेम न्हवता साहेब. त्याला मारायला सांगितलं, म्हणून त्यानं मारलं. त्याला सगळं कळत होतं." मग विठ्ठलराव आणि अर्जुनरावांचं नाव घेतलं.

मग गहिनीच्या वकिलाने तिला उलट विचारायला सुरुवात केली. पोराला काम कुणी दिलं? अर्जुनरावांनी. ते मागायला तुम्ही स्वतः गेलात? गेले. हौदावर पाण्याची मोटर चालू होती का? होती. मोटरच्या आवाजात बोलणं ऐकू आलं? आलं. ऐकलं तर तुम्ही रामकिसनला सावध का केलं नाही? वकिलाने प्रश्न पुन्हा विचारला. ती म्हणाली, "मला वाटलं, थोडंच मारील." वकील थांबला नाही. हरिबा तुम्हाला मारायचा? मारायचा. पोरासमोर? पोरासमोर. म्हणजे मारहाण घरातच होती, चेअरमननी काही नवीन शिकवलं नाही, होय ना? ती म्हणाली, घरात बी होती, फडावर बी होती, छावणीत बी होती. वकिलाने फक्त घरातली लिहून घ्यायला सांगितली.

छावणीतल्या माणसांना साक्षीला बोलावलं, तेव्हा त्यांतल्या एकालाही मोटरचा आवाज सोडून काही आठवलं नाही. एक जण मात्र बाहेर व्हरांड्यात छबुबाईला हळूच म्हणाला की तू बोललीस ते खरं हाय. ज्याला गहिनीने पहिली थप्पड मारली होती, तोच म्हातारा.

निकाल लागला. गेमचं कारण कोर्टाने मानलं नाही. आरोपीला आपण काय करतो याची पूर्ण जाणीव होती, असं म्हटलं, आणि त्यासाठी आधार घेतला तो त्याच्या आईच्या साक्षीचा. मारायला कुणी सांगितलं, यावर मात्र त्या साक्षीला दुसरा पुरावा नाही म्हणून ती धरता येत नाही, असं ठरलं. एकाच बाईचं अर्धं बोलणं खरं निघालं आणि अर्धं वाऱ्यावर गेलं. जे खरं निघालं त्याने गहिनीला जन्मठेप झाली. जे वाऱ्यावर गेलं त्यात विठ्ठलराव आणि अर्जुनराव होते.

निकालाच्या आधी एकदा तो गेम सरकारने भलत्याच कारणासाठी बंद केला होता. तेव्हा अर्जुनरावांनी वर्षभरापूर्वीच मोबाईलविरुद्ध आवाज उठवला होता म्हणून त्यांचा सत्कार झाला होता, शाल आणि फेटा. निकालानंतर दूध संस्थेची निवडणूक बिनविरोध झाली. विठ्ठलराव आता संस्थेचे व्हाईस चेअरमन आहेत, आणि सप्त्यातल्या वीणेचा मानही त्यांच्याकडेच आहे. समाजमंदिराच्या ओट्यावर नवी पोरं नवा गेम खेळतात. त्यांच्यातल्या एकानेही अजून कुणाला मारलेलं नाही. संस्थेला राखणीला माणूस लागला की विठ्ठलराव त्यांच्यातलाच कुणी उचलतात.

छबुबाईने गाया विकल्या. दूध घ्यायला कुणी नाही तर गाया ठेवून काय करायचं? आता ती कड्याच्या बाजारात शेंगा विकते. सिंधुबाई त्याच बाजारात लोणी घेऊन येते. दोघी बोलत नाहीत. एकदा छबुबाईने नमस्कार केला होता, तेव्हा सिंधुबाई म्हणाली होती, "तू खरं बोललीस ते बरं केलं. पण मला तुझं तोंड बघवत न्हाई." छबुबाईला त्यात चुकीचं काही वाटलं नाही.

गहिनीला औरंगाबादच्या हर्सूल तुरुंगात नेलं. ती भेटीला जायची, नाव नोंदवायची, बाकावर बसायची, आणि आतून निरोप यायचा की तो भेटत नाही. असं बरेचदा झालं. गेल्या उन्हाळ्यात मात्र तो आला. मधल्या काचेपलीकडे बसून त्याने फोनसारखा रिसीव्हर कानाला लावला. वय वाढल्यासारखा दिसत होता. कपाळावर नवा व्रण होता. तिने विचारलं, हे काय झालं? तो म्हणाला, आत होतं असं.

मग तो म्हणाला, "तू गेम म्हणाली असतीस तर सुटलो असतो."

"सुटला नसतास. कोर्टानं ते मानलंच न्हाई."

"तू म्हणाली असतीस तर मानलं असतं. आईचं मानत्यात."

छबुबाईने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. ती म्हणाली, "अन् सुटून गावात आला असतास, तर विठ्ठलरावांनी परत बोलावलं असतं. तू गेला असतास का न्हाई, तेवढं सांग."

गहिनी काचेकडे बघत राहिला. शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं. त्याने रिसीव्हर जागेवर ठेवला, उठला, आणि जाताना आतल्या बाजूने काचेवर एकदा हात टेकवला. तो निरोपाचा होता की उठताना आधारासाठी, हे छबुबाईला कळलं नाही. बाहेर आल्यावर तिने फाटकाशी बसून सोबतची भाकरी खाल्ली आणि बीडच्या गाडीची चौकशी केली.